संगीताच्या इतिहासावरील निबंध : विषय आखताना या चुका टाळा

सांगली-मिरज भागातील महाविद्यालयांत संगीताच्या विद्यार्थ्याला निबंधाचा विषय विचारला, तर ‘मराठी नाट्यसंगीताचा इतिहास’, ‘किराणा घराणे’ किंवा ‘मिरजेची संगीतपरंपरा’ यांपैकी एखादे उत्तर हमखास येते. विषय घराजवळचे आहेत, त्यात गैर काहीच नाही. मात्र दीड-दोन हजार शब्दांत यांपैकी एकही मावत नाही, आणि तो मावावा म्हणून जी कात्री चालवली जाते, ती बहुधा भलत्याच ठिकाणी चालते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे केवळ सनावळी छाटून विषय लहान झाला असे मानणे. ‘नाट्यसंगीत : १८४३ ते १९२०’ या शीर्षकात कालखंड आहे, पण शोधायचे काय आहे ते कुठेच नाही, त्यामुळे निबंधात नाटकांची आणि नटांची यादी तेवढी उतरते. शिवाय या शीर्षकातील पहिला सनच तपासून पाहण्यासारखा आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले हे खरे, परंतु त्या खेळांत पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे प्रसंगानुरूप आपली गद्य भाषणे आयत्या वेळी करीत. पात्रांनी स्वतः संहितेतील पदे गाण्याची रीत रुजली ती अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘संगीत शाकुंतल’पासून, आणि तेही पुण्यात. सांगलीच्या अभिमानापोटी हे दोन टप्पे एकत्र कालवले जातात. वास्तविक निबंधाचा विषय या दोन टप्प्यांमधील फटीतच दडलेला आहे : गाणे सूत्रधाराच्या तोंडून पात्राच्या तोंडी गेल्यावर पदाचे नाटकातील काम कसे बदलले? भावे यांनी आपल्या आख्यानांतील (पौराणिक कथांवरील खेळांतील) पदे १८८५ मध्ये ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली होती आणि किर्लोस्करांच्या नाटकांच्या संहिता ग्रंथालयांत सहज मिळतात. भावे यांचे एक आख्यान आणि ‘शाकुंतल’चा एक अंक समोर ठेवून, प्रत्येक पद कथा पुढे नेते की पात्राचे मन उघड करते, एवढेच तपासले तरी निबंध उभा राहतो. त्यासाठी १९२० पर्यंत धावण्याची गरज नाही.

दुसरी चूक व्यक्तीचे नाव घेऊन थांबण्याची. किराणा घराण्याचे गायक ‘अब्दुल करीम खाँ : जीवन व कार्य’ हा विषय दिसायला आटोपशीर आहे, पण कैराना, बडोदे, मिरज, १९३७ मधील निधन, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातील कबर आणि उरुसातील संगीतसभा, हा मजकूर इतक्यांदा लिहिला गेला आहे की विद्यार्थ्याच्या हाती उतरवून काढण्यापलीकडे काही उरत नाही. त्याऐवजी खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांकडे वळावे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे बसत असे. सावकाश आलापीसाठी ख्यातनाम असलेल्या गायकाने एवढ्या वेळात काय राखले आणि काय सोडून दिले, हा खरा प्रश्न आहे. ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतील ठुमरी आणि त्यांच्या एखाद्या ख्यालाची तबकडी घ्यावी. बंदिशीचे शब्द कितव्या सेकंदाला सुरू होतात, षड्जावर (‘सा’वर) किती वेळ ठेवला आहे, तान केव्हा येते, हे घड्याळ लावून टिपावे. मात्र दोन तबकड्यांवरून साऱ्या किराणा गायकीचा निष्कर्ष काढू नये. परीक्षक पहिला आक्षेप नेमका तिथेच घेतात.

विषय लहान असूनही निबंध अडतो, असेही घडते. याचे कारण बहुतेक वेळा साधनांची चाचपणी न करता केलेली निवड हे असते. मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचेच पाहा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या विषयाला विद्यार्थ्यांची पसंती वाढली आहे. पण ‘मिरजेत पहिला तानपुरा कसा तयार झाला’ असा प्रश्न घेतला, तर मिरजेतील आद्य वाद्यनिर्माते मानल्या जाणाऱ्या फरीदसाहेबांविषयीच्या सांगोवांगीच्या कथांपलीकडे फारसे हाती लागत नाही, कारण आज कारखान्यात बसलेल्या कारागिराची आठवण फार तर चाळीस-पन्नास वर्षे मागे जाते. मग प्रश्नही तेवढ्याच मुदतीत बसवावा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रचारात आल्यावर मागणीत, मापांत आणि दुरुस्तीच्या कामात काय फरक पडला, हे तो कारागीर जुन्या पावत्या दाखवून सांगू शकेल. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तबलीला (भोपळ्यावरील लाकडी झाकणाला) लाकूड कोणते वापरतात, घोडी (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, कशी लावतात, ही माहिती रंजक असली तरी ती प्रश्नाशी जोडता आली तरच निबंधात घ्यावी. उदाहरणार्थ, जवारी लावून घेण्यासाठी येणारे गायक कमी झाले की वाढले, एवढे विचारले की तीच माहिती पुराव्यासारखी कामाला येते. कारागिरांच्या गल्लीत जाण्यापूर्वी पाच-सहा प्रश्न लिहून न्यावेत आणि संभाषण मुद्रित करण्याची परवानगी आधी मागावी.

‘अमुक यांचे संगीतातील योगदान’ या धर्तीच्या शीर्षकांविषयी फार लिहायला नको. उत्तर शीर्षकातच देऊन टाकलेले असते, आणि मग निबंध गौरवग्रंथातील लेखासारखा होतो.

विषय अजून रुंदच आहे हे ओळखण्याची खूण पहिल्या पानावरच सापडते. सामवेदापासून सुरुवात करावीशी वाटली, किंवा पार्श्वभूमी संपता संपता निम्मी शब्दमर्यादा संपली, तर प्रश्न ठरलेलाच नाही असे समजावे. अशा वेळी प्रस्तावनेला हात न लावता, जो एक परिच्छेद लिहिताना आपल्याकडे स्वतः पाहिलेला पुरावा होता तो बाजूला काढावा आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे एका वाक्यात लिहून पाहावे. बहुतेकदा नवे शीर्षक तिथूनच निघते.

अर्ध्या वाटेवर साधने अपुरी पडली, तर कालखंड आणि प्रश्न या दोहोंपैकी एकच बदलावा. दोन्ही बदलले तर आधीची टिपणे वाया जातात. आणि हा बदल मार्गदर्शक सरांना किंवा बाईंना निबंध सादर करण्यापूर्वीच लेखी कळवावा, कारण मंजूर झालेले शीर्षक एक आणि हातातील निबंध दुसराच, असे आढळले की चांगल्या कामाचेही गुण कापले जातात.