सूर्याचे अतिनील किरण अवकाशातून मोजताना या चुका टाळा

उपग्रहाच्या नोंदींत सूर्याचे अतिनील किरण वर्षागणिक कमी होताना दिसले, तर आधी उपकरणावर शंका घ्या. या कामातली सर्वांत महागडी चूक म्हणजे उपकरणाची झीज सूर्याच्या नावावर मांडणं.

अवकाशात गेल्यावर उपकरणातल्या गोंदासारख्या पदार्थांतून सेंद्रिय वाफा सुटतात आणि आरशांवर, फिल्टरांवर बसतात. त्यावर अतिनील किरण पडत राहिले की तो थर तिथेच पक्का होतो. लहान तरंगलांबीचे किरण तो जास्त शोषतो. सूर्याचा बदलही तिथेच मोठा असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

२००३ साली गेलेल्या ‘सॉर्स’ उपग्रहाच्या ‘सिम’ उपकरणाने २००४ ते २००७ या काळात दाखवलेली अतिनील घट गणिती प्रारूपांच्या कित्येक पट निघाली. त्यावरून पृथ्वीच्या वातावरणाबद्दलचे निष्कर्षही मांडले गेले. पुढच्या तपासण्यांत मात्र झिजेची दुरुस्ती अपुरी पडली असावी, याकडेच बोट गेलं.

उपाय उड्डाणाआधी ठरवावा लागतो. १९९१ च्या ‘यूएआरएस’ उपग्रहावर दोन स्वतंत्र उपकरणं होती, ही मला या क्षेत्रातली फार शहाणपणाची योजना वाटते. ‘सॉल्स्टिस’ सूर्याबरोबर तेजस्वी निळे तारेही बघायचं, कारण त्यांचं तेज दीर्घकाळ स्थिर राहतं. ‘ससिम’ने तुलनेसाठी सोबत ड्युटेरियम वायूचे, अतिनील प्रकाश देणारे दिवे नेले होते. २०१० च्या ‘एसडीओ’ उपग्रहावरील ‘ईव्ह’ उपकरणासाठी तसंच उपकरण अधूनमधून रॉकेटने वर पाठवून आकडे ताडून पाहिले जातात. तुमच्या हाती फक्त तयार नोंदी असतील, तर सूर्याच्या वर्णपटातल्या, २८० नॅनोमीटरजवळच्या मॅग्नेशियम रेषेचा निर्देशांक शेजारी मांडा. त्यात रेषेच्या गाभ्याला तिच्याच कडांनी भागलेलं असतं. दोन्ही तरंगलांबी जवळजवळच्या असल्याने झिजेचा परिणाम बराचसा कटतो. निर्देशांक सपाट आणि तुमचा आलेख उतरता असेल, तर दोष बहुधा आरशात आहे.

लघुलहरी टोकाला आकडे संशयास्पद वाढलेले दिसले, तर भरकटलेला प्रकाश तपासा. दृश्य प्रकाश तिथल्या अतिनील किरणांपेक्षा शेकडो-हजारो पटींनी प्रबळ असतो. त्याचा किरकोळ अंशही संवेदकापर्यंत पोचला की मोजमाप बिघडतं.

अंतराचं गणित सोपं आहे, तरी तिथेही पाय घसरतो. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ आणि जुलैत सर्वांत दूर असते, त्यामुळे तीव्रतेत सुमारे ७ टक्के फरक पडतो. बहुतेक नोंदी सरासरी अंतरावर आणूनच दिलेल्या असतात; त्यांवर ती दुरुस्ती पुन्हा करू नका. उलट वातावरणावरचा परिणाम काढायचा असेल, तर त्या दिवशीचं खरं अंतर परत घालावंच लागतं.

साधारण २७ दिवसांचा चढउतार दिसला, तर तो बिघाड समजून पुसू नका. ते सूर्याचं स्वतःभोवती फिरणं आहे.

आणि दोन उपग्रहांच्या नोंदी नुसत्या टोकाला टोक लावून जोडू नका. ३०० नॅनोमीटरच्या पुढे सौरचक्रातला (सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चढउतारातला) बदल एका टक्क्याहूनही कमी असतो आणि दोन उपकरणांमधला फरक त्याहून मोठा असू शकतो. दोघांनी एकाच वेळी मोजलेला काळ शोधा. तो सापडला नाही, तर आलेखात तिथे खंड तसाच ठेवा.