वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन बदलताय? या चुका टाळा

शनिवारी दुपारी एक ताई दुकानात आल्या आणि पिशवीतून दोन खोकी काढून काउंटरवर ठेवली. एकात सेमाग्लुटाइडचं १.७ मिग्रॅ.चं पेन होतं, त्यात दोन डोस शिल्लक. दुसऱ्यात डॉक्टरांनी नवीन लिहून दिलेलं टिर्झेपॅटाइड. दोन्ही वजन उतरवण्याची, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं. "दादा, हे इतकं महागाचं, टाकून द्यायला जीव होत नाही. उद्या रविवारी जुनं घेते आणि बुधवारी नवीन सुरू करते. चालेल ना?"

चालणार नव्हतं. पण त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी औषध बदललं, चिठ्ठी लिहिली. पण जुनं कधी थांबवायचं आणि नवीन कोणत्या दिवशी सुरू करायचं, या दोन ओळी चिठ्ठीत नव्हत्या. फार्मासिस्ट म्हणून ही रिकामी जागा मला आता फार वेळा दिसते. मार्च २०२५मध्ये मौंजारो (टिर्झेपॅटाइड) भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, डिसेंबरमध्ये ओझेम्पिक (ही दोन्ही सेमाग्लुटाइड). सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतचीच, त्यामुळे स्वस्त पर्यायांकडे वळणारेही वाढणार. कुणी खर्चासाठी बदलतं, कुणी मळमळ सोसत नाही म्हणून, कुणी काटा हलायचा थांबला म्हणून. बदलण्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो बदलण्याच्या पद्धतीत.

जुनं औषध अजून अंगात आहे, हे विसरणं

नेहमीच्या बहुतेक गोळ्या आणि हे औषध यांत मोठा फरक आहे. सेमाग्लुटाइडचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, टिर्झेपॅटाइडचं साधारण ५ दिवस. म्हणजे सेमाग्लुटाइडचा शेवटचा डोस घेऊन आठवडा झाला तरी त्यातलं अर्धं औषध अंगात असतं. पूर्ण निघून जायला पाच आठवडे जातात. त्या ताईंनी रविवारी जुनं आणि बुधवारी नवीन घेतलं असतं, तर जुन्याचा जोर भरात असतानाच त्यावर नवीन चढलं असतं. जठर आधीच हळू रिकामं होतंय, त्याला आणखी एक ब्रेक. मग उलट्या, करपट ढेकर, दोन-दोन दिवस अन्नावरची वासना उडणं.

म्हणून बहुतेक डॉक्टर एक साधा नियम पाळतात: जुन्याचा पुढचा डोस ज्या दिवशी घ्यायचा होता, त्या दिवशी नव्याचा पहिला डोस. मधे पूर्ण ७ दिवस. दोन्ही एका आठवड्यात कधीच नाही. जुन्यामुळे मळमळ-उलट्या चालू असतील तर त्या आधी शमू द्याव्या लागतात. तेव्हा डॉक्टर आणखी थांबायला सांगतील, घाई करू नका.

याच्या जोडीला एक चूक आहे, जी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, रायबेल्सस नावाने. मधुमेहासाठी ती आधीपासून चालू असलेले काही जण इंजेक्शन सुरू झाल्यावरही सकाळी उपाशीपोटी ती घेतच राहतात, कारण "ती शुगरची आहे, हे वजनाचं". औषध एकच आहे, फक्त वाट वेगळी. तसंच व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्यांचं. आपल्याकडे मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत त्या सर्रास दिल्या जातात. त्याही, या इंजेक्शनांसारख्याच, जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकाच्या (हॉर्मोनच्या) मार्गावर काम करतात, इंजेक्शनसोबत घेऊन जास्तीचा फायदा मिळत नाही. बदलाच्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर मांडा. नावं तोंडी सांगताना निम्मी विसरली जातात.

मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावणं

"मी २.४ वर होतो, मग हे २.५ म्हणजे जवळजवळ तेच की!" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा मला धसका बसलाय. सेमाग्लुटाइडची वजनासाठीची शिडी ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिग्रॅ. अशी आहे. टिर्झेपॅटाइडची २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५. पहिल्यात २.४ ही वरची पायरी, दुसऱ्यात २.५ ही सगळ्यात खालची, शरीराला सवय लावण्यापुरती. आकडे शेजारी दिसतात, पण औषधं दोन आहेत. सेमाग्लुटाइड एका संप्रेरकाची नक्कल करतं, टिर्झेपॅटाइड दोघांची.

उलट दिशेची चूक जास्त त्रासाची. टिर्झेपॅटाइडच्या १० मिग्रॅ.वर असलेला माणूस खर्चासाठी सेमाग्लुटाइडवर येतो आणि मनातच हिशेब करतो, "मी वरच्या डोसवर होतो, तर इथेही वरचाच घ्यावा." नव्या औषधाची सुरुवात सहसा खालच्या पायरीपासूनच होते. जुनं औषध वरच्या डोसवर चांगलं सोसलं असेल तर काही डॉक्टर एखादी पायरी वरून सुरू करतात. पण तो निर्णय तुमचं मूत्रपिंड, शुगर, आधीचा त्रास, मधला खंड हे सगळं पाहून होतो. पेनची खुंटी फिरवून घरी तो घ्यायचा नसतो.

इथे एक गोष्ट आधी माहीत असली तर मन खचत नाही. वरच्या डोसवरून खालच्या पायरीवर आलात की पहिल्या महिन्यात भूक परत डोकावते. रात्री साडेदहाला फरसाणाच्या डब्याची आठवण येते. काटा थांबतो, कधी अर्धा-एक किलो वरही जातो. लोक इथेच घाबरतात आणि दोन आठवड्यांत स्वतःच डोस वाढवतात. दोन्ही औषधांत प्रत्येक पायरीवर किमान ४ आठवडे थांबायचं असतं, कारण रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात "लागू पडत नाही" म्हणणं म्हणजे कुकरला शिट्टी यायच्या आत झाकण उघडणं.

वजन थांबलं म्हणूनच बदलत असाल, तर आशा ठेवायला जागा आहे. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-५ या चाचणीत दोन्ही औषधांची थेट तुलना झाली. ७२ आठवड्यांनी टिर्झेपॅटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं १३.७ टक्के. पण ही सरासरी आहे, आणि ती दीड वर्षाच्या धीराची आहे.

सिरिंजच्या रेषा

ही चूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. पेनवरून बाटलीवर जाताना ती होते. मौंजारोची बाटली ०.५ मिलीची, एका वेळेची असते. त्यातलं सगळं औषध एका डोसात घ्यायचं. ५ मिग्रॅ.ची बाटली आणून अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात, अशी काटकसर करू नका. एका वेळेसाठी भरलेली बाटली एकदा सुई टोचल्यावर आठवडाभर ठेवायची नसते.

आता सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० युनिटची, म्हणजे तिच्यावर १ मिलीला ४० युनिट. नारिंगी टोपीची १०० युनिटची, म्हणजे तिच्यावर १ मिलीला १०० युनिट. दिसायला जुळ्या बहिणी. ०.५ मिली म्हणजे लाल टोपीवर २०ची रेघ आणि नारिंगीवर ५०ची. समजा तुम्ही अनेक डोसांची बाटली घेतलीत आणि कुणी सांगितलं "१० युनिट ओढा". ते नारिंगी सिरिंज धरून बोलत होते, म्हणजे ०.१ मिली. घरात आजोबांची लाल टोपीची सिरिंज होती, तुम्ही तिच्यावर १०पर्यंत ओढलं. झालं ०.२५ मिली, अडीच पट डोस. अमेरिकेत २०२४मध्ये तिथल्या औषध नियामकाने बाटलीतल्या सेमाग्लुटाइडबाबत इशारा दिला होता, कारण काही जणांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट डोस घेतला होता.

म्हणून डोस युनिटमध्ये ऐकून घेऊ नका. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती मिग्रॅ., किती मिली आणि कोणत्या टोपीची सिरिंज. एका कंपनीचं सेमाग्लुटाइड सोडून दुसऱ्या कंपनीचं घेताना औषध तेच असलं, तरी १ मिलीमध्ये किती मिग्रॅ. आहे ते वेगळं असू शकतं. पहिल्या वेळी बाटली आणि सिरिंज घेऊन दुकानात या, आम्ही समोर ओढून दाखवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मौंजारोच्या चार डोसांच्या पेनमध्ये चौथ्या डोसानंतरही थोडं द्रव दिसतं. ते सिरिंजने ओढून "पाचवा डोस" घेण्याचे व्हिडिओ फिरतात. त्या द्रवाचं नेमकं माप कुणालाच माहीत नसतं. ते पेन टाकून द्या.

खंड पडल्यावर जुन्याच डोसवर उडी

नवीन औषध मिळेना, प्रवास आला, घरात लग्न आलं आणि तीन-चार आठवडे काहीच घेतलं नाही. मग जिथे सोडलं तिथूनच सुरू. इतक्या दिवसांत आतड्यांची सवय मोडलेली असते, आणि वरच्या डोसने पहिल्या दिवसासारखा त्रास होतो. सलग दोन किंवा जास्त डोस चुकले असतील तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बऱ्याचदा खालच्या पायरीवर यावं लागतं. एखादाच डोस चुकला तर टिर्झेपॅटाइड चुकल्या दिवसापासून ४ दिवसांच्या आत घेता येतं, सेमाग्लुटाइड ५ दिवसांच्या आत. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडा, पुढच्या ठरल्या दिवशी घ्या. भरपाई म्हणून दोन डोस एकदम घेऊ नका.

साठवणुकीचेही नियम प्रत्येक औषधाचे वेगळे. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला न चिकटता. एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. विदर्भात मे महिन्यात ४५ अंश आणि त्यात वीज गेलेली, अशा घरांनी खोक्यावरचे बाहेर ठेवण्याचे दिवस आधीच पाहून ठेवावेत.

साखर, गर्भधारणा, ऑपरेशन

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर बदलाच्या आठवड्यांत शुगर जास्त वेळा तपासा. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखरेचं पाणी, मग मोजणं. एकादशी किंवा नवरात्राचा उपवास नवा डोस सुरू होण्याच्या आठवड्यात येत असेल, तर डॉक्टरांना सांगून दिवस ठरवा.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना ही माहिती क्वचितच मिळते: टिर्झेपॅटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर ४ आठवडे निव्वळ गोळीवर विसंबू नये, निरोध किंवा दुसरं साधनही वापरावं. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान २ महिने आधी थांबवायचं असतं. नुकतंच बदललं असेल तर हा हिशेब जुन्याच्या शेवटच्या डोसापासूनही धरा. भूल देऊन कुठलंही ऑपरेशन किंवा दुर्बिणीची तपासणी ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनची तारीख सांगा. पोट रिकामं झालेलं नसण्याची शक्यता असते.

थोडी मळमळ, बद्धकोष्ठता, एखाद-दुसरा जुलाब हे बदलात होतं. ताट लहान करा, तळलेलं टाळा, मुगाची पातळ खिचडी किंवा ताक-भातावर दोन दिवस काढा, पाणी घोट-घोट प्या. पण पोटात असह्य दुखून ते पाठीत जात असेल, ते थांबत नसेल, उलट्यांनी पाणीही टिकत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ दिसत असेल, अचानक नजर अंधूक झाली असेल, तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. चुकून जास्त डोस गेला असेल तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. हे औषध अंगात दिवसचे दिवस राहतं, आणि ते उतरवणारं दुसरं औषध नाही.

त्या ताईंना मी दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांचा शेवटचा डोस मागच्या रविवारी झाला होता, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी, रविवारी, नव्याचा २.५ मिग्रॅ. घ्यायला सांगितला आणि जुनं पेन बंद. निघताना त्यांनी विचारलं, "मग हे उरलेलं जाऊबाईंना देऊ का? त्यांनाही वजन कमी करायचंय." मी ते पेन हातातच धरून ठेवलं. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं, त्यातून रक्तातले आजार जाऊ शकतात. आणि ज्या बाईने कधी ०.२५ घेतलेलं नाही, तिच्या अंगात पहिल्याच दिवशी १.७ गेलं असतं. जाऊबाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढं सांगून मी सुई काढून डब्यात टाकली आणि पेन औषधांच्या कचऱ्यात.