बेसमेंटच्या खिडकीभोवती लाकडी सांगाडा उभारताना या चुका टाळा

अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत बेसमेंट राहण्याजोगे करण्याचा विषय निघतो, तो भारतातून पाच-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना स्वतंत्र खोली हवी म्हणून. काँक्रीटच्या भिंतीपुढे दोन-बाय-चार या नावाने मिळणाऱ्या लाकडी पट्ट्यांचे स्टड, म्हणजे उभे खांब, लावणे हे हौशी माणसालाही जमण्यासारखे काम आहे. परंतु खिडकीपाशी येताच हिशेब चुकू लागतो, कारण बहुतेक जण काँक्रीटमधील खिडकीच्या पोकळीचे माप घेतात आणि लाकडी चौकटही नेमकी तेवढीच बांधतात.

पोकळी ३२ इंच रुंद असेल आणि दोन्ही बाजूंना थंडी अडवणारा एकेक इंचाचा फोम व त्यावर अर्ध्या इंचाची ड्रायवॉल (जिप्समचा तक्ता) येणार असेल, तर शेवटी २९ इंचच उरतात. माझ्याकडून हीच चूक झाली होती: आत कलणारी झडप ड्रायवॉलच्या कडेला अडकून अर्धीच उघडू लागली आणि दोन्ही बाजूंचे स्टड काढून नव्याने ठोकावे लागले. म्हणून आधी झडप पूर्ण उघडून तिला किती जागा लागते ते मोजावे, त्यात प्रत्येक थराची जाडी मिळवावी आणि मगच स्टडची रेघ आखावी. काँक्रीटच्या आतल्या कडांवर किती जाड फोम चालेल, हे खिडकीच्या मूळ चौकटीची दिसणारी रुंदी ठरवते. लाकडी चौकट पोकळीपेक्षा रुंद ठेवून बाजू खोलीच्या दिशेने तिरक्या फाकवल्या, तर झडपही मोकळी राहते आणि खोल कोनाड्यातून येणारा प्रकाश पसरतो.

खोली झोपण्यासाठी असेल, तर याहून गंभीर प्रश्न सुटकेच्या वाटेचा आहे, आणि येथे तडजोड करू नये. अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे नियम ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेवर आधारलेले आहेत, तिच्यानुसार आपत्कालीन खिडकीची प्रत्यक्ष मोकळी जागा किमान २४ इंच उंच व २० इंच रुंद असावी लागते, आणि जमिनीखालच्या खिडकीसाठी तिचे क्षेत्रफळ किमान ५ चौरस फूट लागते. पुष्कळ जण पहिली दोन मापे पाळून निश्चिंत होतात, पण २४ गुणिले २० म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट. २४ इंच उंचीला ३० इंच रुंदी असेल, तेव्हा कुठे ५ चौरस फूट भरतात. या मोकळ्या जागेची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून वर नसावी, म्हणून खिडकीखाली जाड फळी बसवून ती कड वर चढवणे टाळावे. जमिनीखालच्या खिडकीसमोर बाहेर केलेल्या खड्ड्याचे क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट, लांबी-रुंदी प्रत्येकी किमान ३६ इंच आणि खड्डा ४४ इंचांहून जास्त खोल असल्यास कायमची शिडी, असा नियम आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत मोकळी जागा ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे आहे. स्थानिक नगरपालिकेचे नियम वेगळे असल्यास तेच लागू होतात.

खिडकीवर दुहेरी जाड हेडर, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, ठोकण्याचीही गरज नसते. घराचा भार काँक्रीटने पेललेला असतो, त्यापुढची ही भिंत भारवाहक नसते; ८ फुटांपर्यंतच्या पोकळीवर आडवा टाकलेला एकच दोन-बाय-चार पुरतो, मात्र त्याच्यापासून सांगाड्याच्या सर्वांत वरच्या आडव्या पट्टीपर्यंतचे अंतर २४ इंचांहून अधिक नसावे. बेसमेंटच्या खिडक्या छताला लागून असल्यामुळे येथे वाचलेले दोन-तीन इंच फार मोलाचे असतात.

लाकूड उभे करण्याआधी पाणी तपासावे. ओतीव काँक्रीटमध्ये खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जाणे नेहमीचे आहे, आणि बाहेरच्या खड्ड्यातील निचरा पानांनी तुंबला की तेच पाणी आत झिरपते. खड्ड्यात नळीने पाणी सोडून आतली बाजू तासभर पाहावी, भेग आढळल्यास ती आधी बुजवावी. सांगाड्यामागे दडलेली भेग पुढे सगळे उकलायला लावते.

भिंत कोरडी असूनही खिडकीच्या कडांवर हिवाळ्यात ओल दिसते, तेव्हा कारण बहुधा दव असते. थंड काँक्रीटला नुसते काचलोकरीचे थर टेकवले, तर खोलीतील दमट हवा मागे शिरून तेथे पाणी धरते आणि बुरशी येते. त्याऐवजी कठीण फोमचे तक्ते काँक्रीटला चिकटवावेत, सांधे टेपने बंद करावेत आणि खिडकीभोवतीच्या फटीत कमी फुगणारा फोमच भरावा, कारण जास्त फुगणारा फोम चौकट वाकवतो व झडप अडकते. फोम उघडा मात्र ठेवू नये. आगीपासून संरक्षणासाठी त्यावर अर्ध्या इंचाची ड्रायवॉल लागते. काँक्रीटला टेकणारी खालची पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची असावी, आणि त्या लाकडातील तांब्यामुळे साधे खिळे गंजत असल्याने खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरावेत.

ड्रायवॉल लावण्यापूर्वी सांगाड्याची सरकारी तपासणी होते. त्या दिवसाची वाट न पाहता झडप पूर्ण उघडून मोकळी जागा टेपने स्वतः मोजावी. ही खिडकी किल्ली किंवा अवजाराशिवाय आतून उघडता आली पाहिजे, असा नियम आहे. आईवडील आले की त्यांच्या हातांनी ती उघडून पाहावी, आणि ४४ इंचांची कड त्यांना उंच पडत असेल, तर खाली एक पक्की पायरी बसवावी.