शिअरिंग मशीनचा ब्लेड गॅप, नवीन पोरांसाठी

साकीनाका, कुर्ला, भांडुप, कुठेही पॅनल किंवा डक्टिंगच्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागलात तर आधी शिअरिंगवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, पत्रा धरायलाच उभं करतात. आणि पत्र्याला बर, म्हणजे कापलेल्या कडेला धारदार कोर, यायला लागली की कोणीतरी हमखास बोलणार, "ब्लेड गेलंय, ग्राइंडिंगला पाठव". थांबा जरा. बऱ्याचदा ब्लेड धडधाकट असतं, गॅप, म्हणजे वरच्या-खालच्या ब्लेडमधली फट, हललेला असतो.

माझं म्हणणं एवढंच की फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घ्यायच्या आधी कापलेली कड बघायला शिका. एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) चांगल्या कटला वरच्या बाजूला साधारण एक तृतीयांश चकचकीत पट्टा दिसतो आणि खाली उरलेला भाग मळकट, खरखरीत, कारण ब्लेड पत्रा पूर्ण कापत नाही, थोडं आत घुसतं आणि मग वरून-खालून दोन तडे निघून मध्ये भेटतात. गॅप जास्त असेल तर वरची कड गोल होते, खाली बर मोठी येते आणि पातळ पत्रा तर चक्क दुमडून दोन ब्लेडच्या मध्ये खेचला जातो. गॅप कमी पडला की तडे भेटतच नाहीत, कडेवर दुसरा चकचकीत पट्टा दिसतो, मशीनवर लोड येतो, ब्लेडची धार तुटते.

आकडा विचाराल तर एमएसला जाडीच्या 6-7 टक्क्यांपासून सुरू करा, म्हणजे 3 मिमीला 0.2 च्या आसपास, 1 मिमीला 0.06-0.07. मशीनवर कंपनीची चार्टची पाटी असेल तर तीच धरा, माझं नको. आणि हो, मशीनवर लिहिलेली कपॅसिटी एमएसची असते, तेवढ्याच जाडीचा एसएस (स्टेनलेस स्टील) घालायचा नाही.

आता सेटिंग. मेन स्विच बंद, कुलूप लावा, चावी आपल्याच खिशात, उस्ताद हसला तर हसू दे. वरचं ब्लेड तिरकं बसवलेलं असतं त्यामुळे जिथे दोन्ही ब्लेड एकमेकांना ओलांडतायत तिथलाच गॅप मोजता येतो, म्हणून जुन्या मेकॅनिकल मशीनवर क्लच लावून फ्लायव्हील (बाजूचं जड चाक) हाताने फिरवत ब्लेड खाली आणायचं आणि डावीकडे, मध्ये, उजवीकडे असं तिन्ही ठिकाणी फीलर घालून बघायचं. बोट नाही, फीलर! खालचं ब्लेड टेबललाच असतं, म्हणून टेबलचे बोल्ट थोडे ढिले करा, पुढचा-मागचा ॲडजस्टिंग स्क्रू थोडाथोडाच फिरवा, टाइट करा आणि परत मोजा, कारण टाइट करताना टेबल सरकतंच. हायड्रॉलिकवर लिव्हर आणि डायल असतो, काम सोपं, पण डायलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, अधूनमधून फीलरने ताडून बघा.

जॉबवर्कवाल्यांची खरी डोकेदुखी वेगळीच, सकाळी 20 गेजचा पातळ पत्रा, दुपारी 5 मिमी, दर वेळी टेबल कोण हलवणार? मी तरी जी जाडी रोज जास्त चालते तिच्यावर गॅप ठेवतो आणि जाड माल साठवून एकदमच कापतो. शेठ कटकट करतो, पण ब्लेडचा खर्च सांगितला की गप्प बसतो.

सेटिंग झाल्यावर ट्रायल कट त्याच जाडीच्या स्क्रॅपवर, पूर्ण लांबीचा घ्या. एका टोकाला कड साफ आणि दुसऱ्या टोकाला बर असेल तर गॅप तिरका बसलाय, त्या बाजूचं टेबल परत बघा. दोन्हीकडे सारखीच बर येत असेल आणि फीलर बरोबर दाखवत असेल, तेव्हाच ब्लेडकडे वळा, आणि तेही ग्राइंडिंगच्या आधी ब्लेड फिरवून न वापरलेली धार पुढे आणा, बहुतेक ब्लेडना एकापेक्षा जास्त धारा असतात.