अण्वस्त्रांवर इंग्रजीत बोलायचं तर आधी ‘धोका’ आणि ‘धमकी’ वेगळी करा

मुलाखतीच्या, गटचर्चेच्या तयारीसाठी ज्या शब्दयाद्या फिरत असतात, त्यांत ‘न्यूक्लिअर’ या विषयाखाली सरसकट पन्नास-साठ शब्द आणि प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ असतो. अशी यादी तोंडपाठ करून उठलेला माणूस तिसऱ्या वाक्यालाच अडतो. त्याला शब्द आठवत असतो. पण त्याच्यापुढे ‘ऑफ’ येतो की ‘टू’, बाँब ‘लाँच’ करतात की ‘ड्रॉप’, हे यादीत कुठेच नसतं. तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि कोरी वही घ्या.

पायरी १ : शब्द क्रियापदासकट लिहा

मराठीत क्षेपणास्त्र डागतात, बाँब टाकतात, चाचणी घेतात. कोणी ‘बाँब डागला’ म्हणालं तर कानाला खटकतं. इंग्रजी ऐकणाऱ्यालाही असंच खटकतं. मिसाइल ‘लाँच’ किंवा ‘फायर’ करतात, विमानातून बाँब ‘ड्रॉप’ करतात, चाचणीतलं उपकरण ‘टेस्ट’ किंवा ‘डेटोनेट’ करतात. वॉरहेड म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाशी असलेला स्फोटक भाग. तो वाहून नेणारं क्षेपणास्त्र किंवा विमान ही ‘डिलिव्हरी सिस्टिम’.

यात ‘डिप्लॉय’ हा शब्द सांभाळा. त्याचा अर्थ तैनात करणं असा आहे, वापरणं असा नाही. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या २०१०च्या न्यू स्टार्ट कराराने प्रत्येकी १,५५० ‘डिप्लॉइड’ वॉरहेड्सची मर्यादा घातली होती, म्हणजे सज्ज ठेवलेल्या वॉरहेड्सची. कोठारात राखीव ठेवलेले त्या आकड्यात येत नाहीत; ते धरून होतो तो ‘स्टॉकपाइल’. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की पुढचं सगळं बोलणं चुकत जातं.

पायरी २ : आकडे

स्फोटाच्या ताकदीला ‘यील्ड’ म्हणतात (उच्चार ‘ईल्ड’ नव्हे) आणि ती किलोटन (हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी ताकद) किंवा मेगाटनमध्ये मोजतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेला बाँब सुमारे १५ किलोटनांचा होता. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर जी ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणी केली, ती १५ मेगाटनांची. आकडा तोच, पण ताकद हजारपट. घाईत ‘किलो’च्या जागी ‘मेगा’ निघून जातं, म्हणून ही जोडी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवा. आकडा विशेषण म्हणून आला की एकवचन घ्या: ‘अ फिफ्टीन-किलोटन बाँब’. तिथे ‘किलोटन्स’ चालत नाही.

युरेनियममधलं कामाचं युरेनियम-२३५ वाढवण्याला ‘एन्रिचमेंट’ म्हणतात आणि त्याच्यापुढे ‘टू’ येतो: ‘एन्रिच्ड टू सिक्स्टी पर्सेंट’. नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. बहुतेक वीजभट्ट्यांना ३ ते ५ टक्के पुरतं, २० टक्क्यांपासून पुढे ‘हायली एन्रिच्ड’ म्हणतात आणि बाँबसाठी साधारण ९० टक्के धरतात.

पायरी ३ : ‘धोका’ सोडवा

सगळी मेख इथे आहे. या पायरीला दोन दिवस लागले तरी द्या.

आपल्याकडे ‘धोका’ आणि ‘धमकी’ हे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. धमकी कोणीतरी देतं. धोका नुसता असतो. इंग्रजीतल्या ‘थ्रेट’मध्ये मात्र दोन्ही मावतात. उलट, आपल्या एका ‘धोक्या’साठी इंग्रजीत ‘थ्रेट’, ‘रिस्क’, ‘डेंजर’, ‘हॅझर्ड’ असे चार शब्द आहेत आणि त्यातला कुठलाही कुठेही बसत नाही. यादीतल्या ‘थ्रेट = धोका’ या एका ओळीने दोन्हीकडून फसगत होते.

वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: इथे कोणी बोललंय का? बोलणारा असेल, त्याचा हेतू असेल, तर ती धमकी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिलेल्या सल्लामताच्या नावात ‘थ्रेट ऑर यूज ऑफ न्यूक्लिअर वेपन्स’ असे शब्द आहेत. याचा ‘अण्वस्त्रांचा धोका किंवा वापर’ असा अर्थ लावला तर मतच हातातून निसटतं. न्यायालयापुढे प्रश्न होता की अण्वस्त्रं वापरण्याची धमकी देणं किंवा ती वापरणं कायद्याला धरून आहे का. इथे थ्रेट म्हणजे धमकीच.

आता बोलणारा नसलेलं उदाहरण घ्या. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत रशियाच्या उपग्रह यंत्रणेने अमेरिकेकडून क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो यंत्रणेचा बिघाड मानला आणि तसंच वर कळवलं. खरोखरच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती. त्या रात्री कोणीही कोणाला धमकी दिली नव्हती. ‘देअर वॉज नो थ्रेट, बट द रिस्क वॉज रिअल’ हे वाक्य वहीत उतरवून घ्या. दोन शब्दांतला फरक याहून नेमका दाखवणं कठीण आहे.

अशा विनाधमकीच्या धोक्यासाठी तीन विशेषणं आहेत आणि तिन्ही वेगळी आहेत. यंत्रातल्या किंवा हाताळणीतल्या बिघाडाने घडलं तर ‘अ‍ॅक्सिडेंटल’. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय कोणी केलं तर ‘अनऑथराइज्ड’. आदेश रीतसर दिला, पण समोरच्याच्या हालचालीचा चुकीचा अर्थ लावून दिला, तर ‘इनॅडव्हर्टंट’. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर अण्वस्त्र नव्हतं. संरक्षण मंत्रालयाने देखभालीदरम्यानच्या तांत्रिक बिघाडाचं कारण दिलं आणि ‘अ‍ॅक्सिडेंटल फायरिंग’ हे शब्द वापरले. तिथे ‘इनॅडव्हर्टंट’ म्हणणारा माणूस नकळत निराळाच आरोप करतो.

हे पक्कं झालं की विभक्तीकडे वळा. मराठीचं व्याकरण इथे छान मदत करतं. ‘अणुहल्ल्याचा धोका’ यातला ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’: ‘द थ्रेट ऑफ अ न्यूक्लिअर अटॅक’. ‘जगाला धोका’ यातला ‘ला’ म्हणजे ‘टू’: ‘अ थ्रेट टू द वर्ल्ड’. ‘शेजाऱ्याकडून धोका’ यातला ‘कडून’ म्हणजे ‘फ्रॉम’. काय होणार ते ‘ऑफ’, कोणाला ते ‘टू’, कोणाकडून ते ‘फ्रॉम’. मात्र ‘जगासाठी धोका’ असं मनात आलं की तोंडातून ‘थ्रेट फॉर’ निघतं. ते टाळा, ‘टू’च घ्या.

आणि हाच ‘ला’ क्रियापदाशी आला की दगा देतो. ‘भारताला धमकी दिली’ याचं इंग्रजी ‘थ्रेटन्ड टू इंडिया’ होत नाही, नुसतं ‘थ्रेटन्ड इंडिया’ होतं. ‘थ्रेटन्ड’नंतर ‘टू’ येतो तो पुढे क्रिया असेल तेव्हा: ‘थ्रेटन्ड टू यूज न्यूक्लिअर वेपन्स’. कशाची धमकी दिली हे नामाने सांगायचं तर ‘विथ’: ‘थ्रेटन्ड इंडिया विथ अ स्ट्राइक’. शिवाय धमकी ‘गिव्ह’ करत नाहीत. ‘मेक’ किंवा ‘इश्यू’ करतात आणि खरी केली तर ‘कॅरी आउट’. धोका मात्र ‘पोझ’ होतो. ‘रिस्क’ घेतात, कमी करतात, ‘रन’सुद्धा करतात: ‘रन द रिस्क ऑफ वॉर’.

‘डेंजर’चा घोळ एका ओळीत मिटतो. आपण धोक्यात आहोत म्हणजे ‘वी आर इन डेंजर’. ‘वी आर डेंजरस’ म्हणाल तर धोका तुमच्यापासून आहे असा अर्थ होतो. ‘हॅझर्ड’ किरणोत्सार, रसायनं अशा पदार्थांपुरता ठेवा.

पायरी ४ : वचक

‘डिटरन्स’ला पाठ्यपुस्तकात प्रतिरोधन, निवारण असे प्रतिशब्द सापडतात. त्यांनी डोक्यात चित्र उभं राहत नाही. ‘वचक’ म्हणा, लगेच कळतं: उलट फटका बसेल या भीतीने समोरचा हातच उचलत नाही. वचक बसवण्याचं धोरण किंवा बसलेला वचक म्हणजे ‘डिटरन्स’, ज्याच्या जोरावर तो बसतो ते अस्त्र म्हणजे ‘डिटरंट’. वाक्यात ‘डिटर’पुढे ‘फ्रॉम’ आणि ‘-इंग’ लागतं: ‘डिटर अ कंट्री फ्रॉम अटॅकिंग’.

भारताने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या अण्वस्त्र धोरणात ‘क्रेडिबल मिनिमम डिटरंट’ (समोरच्याला पटेल असा, पण कमीत कमी) आणि ‘नो फर्स्ट यूज’ (आधी वापर नाही) ही दोन पदं आहेत. ‘फर्स्ट यूज’ आणि ‘फर्स्ट स्ट्राइक’ एकच समजू नका. युद्धात कुठलंही अण्वस्त्र आधी वापरलं की ‘फर्स्ट यूज’ झाला, मग ते रणगाड्यांवर का असेना. ‘फर्स्ट स्ट्राइक’ हा शत्रूची अण्वस्त्रंच आधी उडवून देण्याच्या हेतूने केलेला हल्ला असतो. तो सोसूनही उलट वार करण्याची ताकद म्हणजे ‘सेकंड स्ट्राइक कपॅबिलिटी’. समुद्रात लपून राहणाऱ्या पाणबुड्यांचं महत्त्व त्यासाठी.

‘एस्कलेट’ला ‘चिघळणे’ हा आपला शब्द तंतोतंत बसतो. ‘न्यूक्लिअर ब्लॅकमेल’ (अण्वस्त्रांची भीती घालून मागणी रेटणं) आणि ‘सेबर-रॅटलिंग’ (शस्त्रं परजून दाखवणं) ही निवाडा करणारी पदं आहेत. ती वापरली की तुम्ही बाजू घेतलीत. घ्यायला हरकत नाही, पण समजून घ्या. एकेक शब्द किती तोलून निवडतात पाहा: १९६२च्या ऑक्टोबरात अमेरिकेने क्यूबाभोवती जहाजं उभी केली तेव्हा अध्यक्ष केनेडींनी ‘ब्लॉकेड’ (नाकेबंदी) न म्हणता ‘क्वारंटाइन’ म्हटलं, कारण ब्लॉकेड ही युद्धाची कृती मानली जाते.

पायरी ५ : करार

देश करारावर ‘साइन’ करतो, मग त्याची संसद किंवा सरकार ‘रॅटिफाय’ करतं, मग करार ‘एंटर्स इन्टू फोर्स’. सीटीबीटी हा चाचणीबंदी करार १९९६ चा. अमेरिकेने सही केली, रॅटिफाय केला नाही. भारताने सहीच केली नाही. आणि करार अजून लागू झालेला नाही. या एका उदाहरणात तिन्ही क्रियापदं बसतात.

‘नॉन-प्रोलिफरेशन’ म्हणजे नव्या हातांत अस्त्रं जाऊ न देणं, ‘आर्म्स कंट्रोल’ म्हणजे आहेत त्यांवर मर्यादा, ‘डिसआर्मामेंट’ म्हणजे ती नष्ट करणं. भारताला ‘न्यूक्लिअर-वेपन स्टेट’ म्हणण्याआधी थांबा: एनपीटी या अण्वस्त्र प्रसारबंदी करारानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेला देशच तसा मोजला जातो. ‘न्यूक्लिअर-आर्म्ड’ म्हटलंत की वाद उरत नाही. ‘न्यूक्लिअर पॉवर’ तर दुहेरी आहे. तारापूरला १९६९ पासून न्यूक्लिअर पॉवर आहे, ती वीज. इंडिया इज अ न्यूक्लिअर पॉवर, ते अण्वस्त्रसज्ज राष्ट्र. तो छोटासा ‘अ’ गिळू नका.

पायरी ६ : माणसांबद्दल बोलताना

‘टॅक्टिकल’ शब्द ऐकून अस्त्र लहान आहे असं गृहीत धरू नका. आज टॅक्टिकल म्हणवली जाणारी काही अस्त्रं हिरोशिमाच्या बाँबहून ताकदवान आहेत आणि त्या एका बाँबने १९४५ संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली. बोलताना तुलना हिरोशिमाशी करा, म्हणजे शब्दामागे माणसं दिसत राहतात.

‘फॉलआउट’ म्हणजे स्फोटानंतर खाली येणारी किरणोत्सारी धूळ. कॅसल ब्राव्होच्या वेळी जपानी मासेमारी बोटीवर ती पांढऱ्या राखेसारखी पडली. बोटीवर २३ जण होते. ते किरणांना ‘एक्सपोज्ड टू रेडिएशन’ झाले आणि राख अंगाला चिकटली म्हणून ‘कंटॅमिनेटेड’ही झाले. एक्स-रे काढलेला माणूस पहिलं असतो, दुसरं नसतो. बाँबहल्ल्यातून वाचलेल्यांना इंग्रजीतही ‘हिबाकुशा’ हाच जपानी शब्द आहे. २०२४चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालेली ‘निहोन हिदान्क्यो’ ही त्यांचीच संघटना. ‘व्हिक्टिम्स’ म्हणण्यापेक्षा त्यांचा शब्द वापरा.

पायरी ७ : सराव

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या नोव्हेंबर १९८५च्या संयुक्त निवेदनातलं वाक्य मोठ्याने म्हणा: ‘अ न्यूक्लिअर वॉर कॅनॉट बी वन अँड मस्ट नेव्हर बी फॉट’. ‘न्यूक्लिअर’ तीन तुकड्यांत, न्यू-क्लि-अर. ३ जानेवारी २०२२ रोजी पाच अण्वस्त्रधारी देशांनी हेच वाक्य पुन्हा मांडलं. मग रोज एक मराठी बातमी घेऊन तिच्यावर तीन इंग्रजी वाक्यं बोला: एकात ‘थ्रेट’ धमकीच्या अर्थाने, दुसऱ्यात ‘थ्रेट टू’, तिसऱ्यात ‘रिस्क ऑफ’. बातमीत धमकी देणारा कोणी सापडला नाही, तर पहिलं वाक्य त्या दिवशी सोडून द्या.