पिल्लू सारखं पायपुसण्यावरच शू करायचं, ते कसं थांबलं

आमचा भुऱ्या, कुत्र्याचं पिल्लू, आला तेव्हा दोन महिन्यांचा, आणि पहिल्या दिवसापासून त्याने दारातलं पायपुसणंच धरलं. आई ओरडायची, मी फिनाईलने पुसायचे, तासाभरात साहेब परत तिथेच गोल फिरून, हुंगून बसले खाली! डॉक्टर म्हणाले आधी फिनाईल बंद करा, कुत्र्यांना ते विषारी, पिल्लू पाय चाटतं ना, आणि शूचा वास आपल्याला येत नसला तरी त्याला येतोच. मग पायपुसणं फेकलं, फरशी एन्झाइमवाल्या (शूचा वास मुळापासून घालवणाऱ्या) क्लीनरने पुसली. लसी पूर्ण नव्हत्या, पार्व्होची (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीती, म्हणून रस्त्यावर न नेता गॅलरीत जुने पेपर टाकले आणि झोपून उठला की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच उचलून तिकडे, रात्री दोनचा अलार्मसुद्धा (नवरा सोयीस्कर घोरायचा). तिथे केली की त्याच सेकंदाला चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. चुकला तर ओरडायचं नाही, ओरडल्यावर तो सोफ्यामागे लपून करायला लागला होता. तीन आठवडे लागले. आता फक्त पाहुणे आले की आनंदाने दोन थेंब सांडतात, ते चालतंय.