डीव्हीडी रायटर घेताना या चुका टाळा: ड्राइव्ह साधा चालेल, डिस्क नाही

आता सीडी-डीव्हीडी कोण वापरतं, असं म्हणणाऱ्याला एकदा एमआरआय काढायला पाठवा. फिल्मच्या मोठ्या पाकिटात एक सीडी येते, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं ठरलं की प्रश्न पडतो, ही लावायची कशात? वकिलांकडे रेकॉर्डिंग अजूनही बऱ्याचदा सीडीवर मागतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या घरांत अल्बमच्या खोक्यात दोन-तीन डीव्हीडी हमखास सापडतात. नव्या लॅपटॉपला मात्र डिस्क लावायचा ड्राइव्ह नसतो, आणि नव्या कॅबिनेटला बहुधा पुढची ५.२५ इंची खाचही नसते. मग सर्वांत स्वस्त, नाहीतर खोक्यावर सर्वांत मोठे आकडे असलेला रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा आणि तिच्यावर माहिती राइट करणारा ड्राइव्ह, मागवला जातो आणि आठवड्याभरात 'डिस्कच घेत नाही' अशी तक्रार सुरू होते.

माझं मत आधीच सांगतो. डीव्हीडी रायटरच्या तंत्रात आता नवं काही घडत नाही. नावाजलेल्या कंपनीचा साधा रायटर आणि दुप्पट किमतीचा रायटर यांत घरच्या कामापुरता फरक जवळजवळ नसतो. पैसा आणि वेळ वाया जातो तो कोऱ्या डिस्क, वायर आणि राइट करण्याचा वेग या तीन ठिकाणी. रायटरवर वाचलेले पैसे चांगल्या डिस्कवर घाला. लोक नेमकं उलट करतात.

बाहेरचा घ्यायचा की कॅबिनेटमधला

जुन्या डेस्कटॉपला पुढे खाच असेल तर बिनधास्त आतला, म्हणजे इंटर्नल रायटर घ्या. तो एसएमपीएसवरून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावरून, थेट वीज घेतो, त्यामुळे निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. शिवाय तो स्वस्त पडतो आणि वेगही जास्त मिळतो. फक्त मदरबोर्डवर साटा पोर्ट, म्हणजे ड्राइव्हची अरुंद वायर लावायची जागा, आहे का ते पाहा. फार जुन्या मशीनमध्ये रुंद पट्टीच्या वायरचं आयडीई पोर्टच असतं, आणि आजचे ड्राइव्ह त्याला लागत नाहीत. साटा वायर खोक्यात असेलच असंही नाही, ती दुकानदाराकडून वेगळी मागून घ्या. लॅपटॉपमधला बिघडलेला ड्राइव्ह बदलायचा असेल तर जाडी मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. लॅपटॉपचे पातळ, म्हणजे स्लिम ड्राइव्ह १२.७ मिमी आणि ९.५ मिमी अशा दोन मापांत येतात, आणि जाड ड्राइव्ह पातळ खाचेत बसत नाही.

लॅपटॉपवाल्यांना एक्स्टर्नल, म्हणजे यूएसबीने बाहेरून लावायच्या रायटरशिवाय इलाज नाही. एलजी, एसूस यांसारख्या ओळखीच्या नावाचा साधा एक्स्टर्नल रायटर साधारण दोन-तीन हजारांत मिळतो. त्याच्या निम्म्या किमतीत बिननावाचे ड्राइव्ह दिसतात. सोबत यूएसबी हब, कार्ड रीडर आणि रंगीत दिवाही देतात. त्यांत बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह नव्या कवचात घातलेला असतो, आणि वरून तो हब त्याच पोर्टची वीज खातो. हे टाळा. पावती आणि वॉरंटी देणारा विक्रेता पाहा, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातला असो की ऑनलाइन.

'यूएसबी ३.०' या शब्दासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. ड्राइव्हचा वेग 'एक्स'मध्ये मोजतात, आणि डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. स्लिम ड्राइव्ह डीव्हीडीला ८एक्सपर्यंतच जातो, म्हणजे सेकंदाला ११ एमबीच्या आसपास. जुनं यूएसबी २.० याच्या दुपटीहून अधिक सहज पेलतं. ब्लू-रे या डीव्हीडीहून मोठ्या क्षमतेच्या डिस्कचं गणित वेगळं. तिथे १एक्स म्हणजे ४.५ एमबी, त्यामुळे ६एक्सला ३.०चा खरोखर उपयोग होतो.

मग ब्लू-रेच का घेऊ नये? एका डिस्कवर २५ जीबी मावतात, हे खरं. पण रायटर कितीतरी महाग, कोऱ्या डिस्क गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, आणि सोनीने तर फेब्रुवारी २०२५मध्ये राइट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंदच केलं. ब्लू-रे सिनेमे कॉम्प्युटरवर बघायला सहसा विकतचं सॉफ्टवेअर लागतं ते वेगळंच. घरी ब्लू-रे डिस्कचा साठा नसेल तर या वाटेला जाऊ नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी 'कॉम्बो' या शब्दापासून सावध राहावं. कॉम्बो ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण राइट फक्त सीडीच करतो. ट्रेवर नुसता डीव्हीडीचा लोगो बघून तो रायटर म्हणून गळ्यात मारला जातो. लोगोखाली 'मल्टी रेकॉर्डर' किंवा 'आरडब्ल्यू' असं काही लिहिलंय का ते वाचा. अमेरिकेतला भाचा जाताना अॅपलचा चकचकीत सुपरड्राइव्ह (त्यांचा एक्स्टर्नल रायटर) ठेवून गेला असेल तर त्याचंही फार कौतुक नको. साध्या विंडोज लॅपटॉपला लावला तर काही खटपट केल्याशिवाय तो डिस्क आत घेतच नाही.

तिकडून आणलेल्या सिनेमांच्या डीव्हीडींची आणखी एक गंमत. सिनेमाची डीव्हीडी ठरावीक देशांतच चालावी म्हणून तिच्यावर रीजनचा आकडा असतो: अमेरिकेचा रीजन १, ब्रिटनचा २, भारताचा ५. ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, शेवटी जो राहील तो कायमचा. त्यामुळे विंडोजने रीजन बदलू का विचारलं की सवयीने 'ओके' दाबू नका. घरी राइट केलेल्या डिस्कला रीजनचं बंधन नसतं.

खरी गफलत कोऱ्या डिस्कमध्ये

एके काळी आपल्याकडे कोरी डिस्क म्हणजे मोझर बेअर असंच समीकरण होतं. ती जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक कंपनी होती, पण २०१८मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. आज कुठल्या दुकानात त्या नावाचा स्पिंडल, म्हणजे डिस्कचा गोल डबा, दिसला तर तो इतकी वर्षं उन्हाळे-पावसाळे खात पडलेला माल आहे, हे लक्षात घ्या. साध्या कोऱ्या डीव्हीडीत माहिती टिपणारा थर सेंद्रिय रंगाचा असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवेने तो न वापरताही खराब होतो. कोकणात आणि मुंबईत तर जास्तच.

बाकीच्या नावांचंही असं की डिस्कवर छापलेली कंपनी वेगळी आणि ती बनवणारी वेगळी. इमगबर्न नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्क आत घातल्यावर बनवणाऱ्याचा कोड दाखवतं. पन्नासचा डबा घ्यायच्या आधी पाच-दहा सुट्या डिस्क आणा, त्यातल्या दोन राइट करून तपासा, मगच डबा घ्या. सुट्या डिस्क महाग वाटतील, पण फुकट गेलेल्या डब्यापेक्षा स्वस्तच.

'प्लस आर' आणि 'मायनस आर' या कोऱ्या डीव्हीडीच्या दोन प्रकारांच्या वादात फार पडू नका. आजचे रायटर दोन्ही घेतात. घरातला जुना टीव्ही-प्लेअर कुरकुर करत असेल तर मायनस आर घ्या, जुन्या प्लेअरना ती जास्त मानवते. आरडब्ल्यू डिस्क पुन्हा पुन्हा पुसता येते, म्हणून जपून ठेवायच्या गोष्टींसाठी ती वापरू नका. ८.५ जीबीची ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांची डिस्क महागही पडते आणि फसतेही जास्त, त्यापेक्षा दोन साध्या डिस्क बऱ्या. आणि ४.७ जीबीच्या डिस्कवर विंडोजच्या मोजणीने ४.३८ जीबीच मावतात. फोल्डर ४.५चा असेल तर डिस्क खराब नाही, हिशेब चुकलाय.

वेगाचा मोह

खोक्यावर २४एक्स लिहिलंय म्हणून २४एक्सनेच राइट करायला हवं असं नाही. पूर्ण भरलेली डीव्हीडी ४एक्सने साधारण चौदा मिनिटांत, ८एक्सने आठ-नऊ मिनिटांत आणि १६एक्सने सहाएक मिनिटांत होते. पुढे २४एक्सला जाऊन मिनिटभर वाचतं, तेवढ्यात चहासुद्धा उकळत नाही. १६एक्सला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. हलक्या प्रतीच्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला तेव्हा चुका वाढतात, आणि राइट करणं आतून बाहेर होत असल्यामुळे घोटाळा शेवटच्या टप्प्यात कळतो. '९५ टक्क्यांवर एरर येते' या तक्रारीत आधी वेग ८एक्सवर आणा. तरी तेच झालं तर दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून बघा. दोन-तीन वेगवेगळ्या डिस्क फसल्या तरच रायटरवर संशय घ्या. आणि राइट झाल्यावर 'व्हेरिफाय' करून, म्हणजे डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून घ्या. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण सहा महिन्यांनी डिस्क उघडत नाही हे कळण्यापेक्षा बरा.

याच वेगामुळे तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये कधीही घालू नका, ती आत फुटते आणि ड्राइव्हचंही वाटोळं करते. वरून चिकटवलेलं कागदी लेबलही नको, तोल जातो आणि ड्राइव्ह थरथरतो.

दिसतो, गायब होतो, परत दिसतो

एक्स्टर्नल ड्राइव्हच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा विजेचा असतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि ३.० पोर्ट ९००. मोटर सुरू होताना आणि लेझर राइट करताना ड्राइव्ह याहून जास्त मागू शकतो. वीज अपुरी पडली की दिवा लुकलुकतो, आतून टक-टक आवाज येतो, विंडोजचा 'डिव्हाइस काढलं' असा सूर वाजतो आणि राइटिंग अर्ध्यात तुटतं. लोक लगेच ड्राइव्ह परत करतात. त्याआधी एवढं करून बघा: ड्राइव्हसोबत आलेली आखूड वायरच वापरा, लांब एक्स्टेन्शन किंवा हब मध्ये नको. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. दोन प्लगची वायर मिळाली असेल तर दोन्ही प्लग लावा, दुसरा शोभेचा नसतो. एवढ्यानेही भागलं नाही तर स्वतःचा अॅडाप्टर असलेला हब घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. स्लिम ड्राइव्हच्या मधल्या गोल खुंटीला तीन छोटे दात असतात. डिस्क त्यावर नुसती ठेवायची नसते. खुंटीजवळ दोन बोटांनी दाबून 'टक' आवाज येईपर्यंत बसवायची. नुसती ठेवली तर ती आत तिरकी होते, घासते, आणि ड्राइव्ह 'डिस्क घाला' म्हणत बसतो. काढतानाही अंगठ्याने खुंटी दाबून धरायची आणि कडेने उचलायची.

सीडी वाचतो, डीव्हीडी नाही

हे ऐकून लोक चक्रावतात, पण कारण सोपं आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. लेझर देणारा एक डायोड थकला तरी दुसरा चालू राहतो. आधी धूळ झटका, दुसरी डिस्क लावून बघा, तरीही तसंच असेल तर ड्राइव्ह दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, नवा घ्या.

डिस्क मात्र कशी जपायची ते नीट कळलेलं बरं. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो. सीडीत तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. म्हणून एमआरआयच्या सीडीवर खालून आलेला ओरखडा एक वेळ पुसून निघेल, पण वरून टोकदार बॉलपेनने नाव लिहिलं तर माहितीच खरवडली जाते. डिस्कसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्कर वापरा, तोही शक्यतो मधल्या पारदर्शक भागावर.

कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीवर नाही

कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, ती पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोपा वाटतो म्हणून तोच निवडला जातो, आणि तशी डिस्क जुन्या प्लेअरला, कधीकधी दुसऱ्या कॉम्प्युटरलाही कळत नाही. दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसराच पर्याय घ्या.

तरीही मोबाइलवरचा लग्नाचा व्हिडिओ नुसता डिस्कवर टाकला म्हणजे जुना प्लेअर तो लावेल असं नाही. त्याला डीव्हीडी-व्हिडिओच्या साच्यातच हवा असतो: व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ चं चित्र. त्यासाठी डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर लागतं. उलट बाजूने, विंडोज ८पासून डीव्हीडी सिनेमा चालवायची सोय मूळ विंडोजमध्ये नाही. ड्राइव्ह बिघडलाय असं समजण्याआधी व्हीएलसी हा मोफत व्हिडिओ प्लेअर टाकून बघा.

ट्रे उघडत नाही

कॅबिनेटमधल्या ड्राइव्हच्या दर्शनी भागावर टाचणीएवढं छिद्र असतं. कॉम्प्युटर बंद करा, कागदाची क्लिप सरळ करून त्यात हळू ढकला, ट्रे बोटभर बाहेर येईल, मग हाताने ओढा. वारंवार असं होत असेल तर ट्रे हलवणारा आतला रबरी पट्टा कडक होऊन घसरतोय. मापाचा पट्टा मिळाला तर काम काही रुपयांत होतं. स्लिम ड्राइव्हमध्ये हा पट्टा नसतोच, तिथे बटण दाबल्यावर खटका सुटून स्प्रिंगने ट्रे बाहेर येतो. त्यामुळे तो अडकला तर क्लिपने डिस्क तेवढी सोडवून घ्या आणि वॉरंटीची पावती शोधायला लागा.